तुपाला दोष देण्याआधी दुधाचा पेला पाहा

ताई, तुमचा प्रश्न सावकाश वाचला. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तो थोडक्यात मांडते. मुलगी तीन वर्षांची, वजन 10 किलो. चार महिन्यांपूर्वी घामाच्या तपासणीत क्लोराइड 60च्या वर आलं आणि सिस्टिक फायब्रोसिसचं निदान झालं. पुण्याच्या डॉक्टरांनी 10,000 युनिटची एन्झाइमची कॅप्सूल नाश्ता आणि दोन्ही जेवणांबरोबर, म्हणजे दिवसातून तीन वेळा द्यायला सांगितली. तरी शी चार-पाच वेळा होते, तेलकट, चिकट, उग्र वासाची, आणि वजनाचा काटा दोन महिने हललेला नाही. लातूरकडचे तुमचे नेहमीचे डॉक्टर आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, तूप-तेल बंद करा, पोरीला ते पचत नाही. तुम्ही विचारता: तूप बंद करू का? कॅप्सूल दुप्पट करू का? हे आयुष्यभर लागणार का? आणि घर माळकरी असताना डुकरापासून केलेलं औषध द्यावं लागतं, त्याला पर्याय नाही का?

मी लहान मुलांच्या पोटविकार विभागात आहारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, आणि डोस बदलण्याचा अधिकार तिच्या डॉक्टरांचा. पण तुम्ही दिवसभराचं खाणं इतकं नीट लिहून दिलं आहे की त्यावरून बरंच काही सांगता येईल.

पहिली गोष्ट: तूप बंद करू नका. प्रश्न तुपाचा नाहीच. पोटात जाणारी चरबी आणि ती फोडणारं एन्झाइम यांची वेळेवर गाठ पडत नाही, हा खरा प्रश्न आहे.

या आजारात शरीरातले स्राव दाट आणि चिकट होतात. फुफ्फुसात काय होतं ते तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं असेलच. स्वादुपिंडातही तेच होतं. तिथून लहान आतड्यात पाचकरस नेणाऱ्या बारीक नळ्या तुंबतात आणि हळूहळू ग्रंथीच निकामी होत जाते. 1938 साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेही स्वादुपिंडातल्या बदलांवरूनच. साधारण 85 टक्के रुग्णांत स्वादुपिंड पुरेसं एन्झाइम देऊ शकत नाही. भात-पोळीतला स्टार्च फोडायला लाळेचा हातभार असतो, प्रथिनांना जठराचा. चरबीसाठी मात्र मुख्य भिस्त स्वादुपिंडातल्या लायपेजवरच. ते नसेल तर चरबी न फुटता पुढे सरकते, मोठ्या आतड्यात जाते आणि तिथून जशीच्या तशी बाहेर पडते. म्हणून शी भांड्याला चिकटते, वर तेलाचा तवंग येतो, दोन बादल्या पाणी ओतलं तरी वास जात नाही. मूल भरपूर खातं, सारखी भूक-भूक करतं, तरी अन्न अंगी लागत नाही.

हे पाहून कोणाच्याही मनात येतं की चरबी कमी केली तर शी सुधारेल. आणि ती सुधारतेही. मूगडाळीच्या पातळ खिचडीवर आणि मारी बिस्किटांवर चार दिवस ठेवलंत तर शी घट्ट होईल, वास कमी होईल, घरात सगळ्यांना हायसं वाटेल. मूल मात्र वाळत जाईल. या सल्ल्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण तो लगेच खरा ठरल्यासारखा दिसतो आणि त्याचं नुकसान काही महिन्यांनी कळतं.

एकेकाळी जगभर हेच चालायचं. सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांना कमी चरबीच्या पथ्यावर ठेवत. कॅनडातल्या टोरोंटोच्या केंद्रानं उलटी वाट धरली: चरबी मोकळेपणानं द्यायची आणि ती पचवण्याइतकं एन्झाइम द्यायचं. 1988 मध्ये टोरोंटो आणि अमेरिकेतलं बोस्टन या दोन केंद्रांची तुलना प्रसिद्ध झाली. टोरोंटोत रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्यांक 30 वर्षं होता, बोस्टनमध्ये 21. दोन्हीकडची फुफ्फुसांची स्थिती वयानुसार फारशी वेगळी नव्हती, पण टोरोंटोची मुलं उंच होती आणि मुलग्यांचं वजनही जास्त होतं. आयुष्यातल्या या फरकाचं एकमेव कारण आहार, असं त्यावरून कोणी म्हणू नये. पण त्यानंतर कमी चरबीचं पथ्य या आजारातून गेलं ते गेलंच. आज कुठल्याही जाणकार केंद्रात या मुलांना त्यांच्या वयाच्या इतर मुलांहून जास्त ऊर्जा द्यायला सांगतात, कोणाला थोडी जास्त तर कोणाला दुपटीपर्यंत. तीन वर्षांच्या मुलीचं पोट ते केवढं. एक ग्रॅम स्टार्च किंवा साखर 4 कॅलरी देते, एक ग्रॅम तूप 9. त्या छोट्याशा पोटात जास्त ऊर्जा बसवायची तर तूप, लोणी, साय, शेंगदाण्याचं कूट, तीळ, ओलं खोबरं यांच्याशिवाय गत्यंतर नाही. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबरच शोषली जातात. चरबी तोडली की तीही तुटतात.

आता तुमची वही. तुम्ही लिहिलेल्या दिवसात चरबी कुठे आणि किती आहे, ते मी अंदाजानं मांडते. आकडे थोडे मागेपुढे होतील, पण चित्र बदलणार नाही.

सकाळी साडेसातला 200 मिली म्हशीचं दूध आणि दोन बिस्किटं: दुधात 13 ग्रॅमच्या आसपास, बिस्किटांत 2-3. दहाला पोहे किंवा उपमा: 6 ग्रॅम. दुपारी तूप घातलेला वरण-भात, अर्धी पोळी, भाजी: 13 ग्रॅम. संध्याकाळी शेंगदाण्याचा लाडू: 8 ग्रॅम. रात्री तूप घालून खिचडी: 10 ग्रॅम. झोपताना पुन्हा 200 मिली दूध: 13 ग्रॅम. एकूण साधारण 66 ग्रॅम.

कॅप्सूल कुठे कुठे आहे? पोह्यांबरोबर, दुपारी आणि रात्रीच्या खिचडीबरोबर. या तिन्ही वेळची चरबी मिळून 29 ग्रॅम. उरलेली 37 ग्रॅम चरबी, म्हणजे दिवसभरातली निम्म्याहून जास्त, एन्झाइमशिवायच पोटात जाते. दोन पेले दूध आणि एक लाडू. दूध हे औषधाबरोबरचं "खाणं" आहे असं आपल्याकडे कोणी धरतच नाही. दूध म्हणजे पेय, लाडू म्हणजे मधल्या वेळचं तोंडात टाकायचं. डॉक्टरांनी "जेवणाबरोबर" म्हटलं की आपण ताट धरतो. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक घरांत गळती इथेच सापडते, आणि म्हशीचं दूध पिणाऱ्या घरांत तर हटकून.

दिवसाची 30,000 युनिट 66 ग्रॅम चरबीला वाटली तर ग्रॅममागे साडेचारशे पडतात. प्रमाणित शिफारशींमध्ये ही कक्षा ग्रॅममागे 500 ते 4,000 युनिट अशी धरतात. म्हणजे सध्या ती खालच्या काठाच्याही खाली आहे. आणि हे डॉक्टरांनी कमी दिलं म्हणून नव्हे. चार वर्षांखालच्या मुलांना दर जेवणाला किलोमागे 1,000 युनिटनं सुरुवात करतात, तुमच्या मुलीला ती अगदी बरोबर तेवढीच दिली आहे. चार वर्षांनंतर ही सुरुवात किलोमागे 500 युनिटनं होते, कारण लहान मुलं वजनाच्या मानानं जास्त चरबी खातात. सुरुवातीचा डोस हा सुरुवातीचाच असतो. पुढे तो मुलाच्या खाण्यावरून आणि वाढीवरून बसवत न्यायचा असतो.

म्हणून "कॅप्सूल दुप्पट करू का" याचं माझं उत्तर: आहे त्याच वेळी दोन-दोन देऊ नका. ज्या वेळा कोरड्या जातात तिथे कॅप्सूल पोहोचवा. दोन्ही दुधांना एकेक आणि लाडवाला एक धरली तर दिवसाची 60,000 युनिट होतात, किलोमागे 6,000. ग्रॅममागे ती नऊशेच्या पुढे जातात. तेवढ्यावर सहसा फरक दिसू लागतो. तरी शी तेलकट राहिली तर दुपारच्या जेवणाला दोन करता येतील. हे सगळं मर्यादेच्या आत बसतं. पण करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारून, मनानं नाही.

ती मर्यादा का आहे, तेही समजून घ्या. एका जेवणाला किलोमागे 2,500 युनिटच्या वर जायचं नाही आणि दिवसाला किलोमागे 10,000 च्या वर. तुमच्या मुलीसाठी एका वेळी 25,000 आणि दिवसाला 1,00,000. 1990च्या सुमारास खूप तीव्र मात्रेच्या कॅप्सूल आल्या, तेव्हा काही मुलांच्या मोठ्या आतड्याची भिंत जाड होऊन आतली वाट अरुंद झाली. 1994 मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलहून अशा मुलांची पहिली नोंद आली. त्यानंतरच अमेरिकेत ही वरची सीमा ठरली. तेव्हा शी सुधारत नाही म्हणून दर आठवड्याला एकेक कॅप्सूल वाढवत जाणं धोक्याचं आहे. मर्यादेजवळ पोहोचूनही फरक नसेल तर कारण दुसरीकडे शोधायचं.

यावरून एक बारकावा. काही घरांत सोय म्हणून सकाळचं दूध आणि पोहे एकत्र करतात. तुमच्याकडे तसं केलं तर एका वेळेला 21-22 ग्रॅम चरबी जमेल, आणि 10 किलोच्या मुलीला एका वेळच्या मर्यादेत राहून तिला पुरेसं एन्झाइम देणं ओढाताणीचं होईल. या वयात आणि या वजनात चरबी दिवसभर पसरलेली बरी. प्रत्येक वेळी थोडी, आणि प्रत्येक वेळी कॅप्सूलसकट.

कशाला कॅप्सूल लागत नाही? नुसती फळं, कोकम किंवा लिंबाचं सरबत, उसाचा रस, साखरेची गोळी, साधे चुरमुरे, गूळ. ज्यात चरबी जवळजवळ नाही, त्याला एन्झाइम नको. पण चुरमुऱ्यांचा चिवडा झाला, त्यात तेल-शेंगदाणे आले, की हवं. चिक्की, श्रीखंड, पेढा, शिरा, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ-लोणी, वडा यांना तर हवंच. साबुदाण्याची खिचडी दिसायला हलकी, पण कूट आणि तूप मिळून ती दुपारच्या जेवणाला मागे टाकते. एकादशीला ही गोष्ट लक्षात ठेवा. घरात सगळ्यांचा उपास असला की लेकरूही तेच खातं.

आता कॅप्सूल कशी दिली जाते याकडे येते. तुम्ही लिहिलंय की ती गिळत नाही म्हणून आजी कॅप्सूल उघडून गरम वरण-भातात कालवतात. आजींचा हेतू प्रेमाचाच आहे, पण इथे अर्धं औषध वाया जातंय.

कॅप्सूलमध्ये बारीक दाणे असतात, खसखशीपेक्षा थोडे मोठे. त्या प्रत्येक दाण्यावर एक आवरण असतं. लायपेज जठरातल्या आम्लात टिकत नाही, कायमचं निकामी होतं. म्हणून आवरण असं केलेलं असतं की ते आम्लात तसंच राहावं आणि लहान आतड्यात आम्लता उतरून सामू साडेपाचच्या वर गेला की विरघळावं. वरण, दूध, खीर, मऊ भात हे आम्लधर्मी नाहीत. त्यात दाणे पडले की आवरण ताटलीतच विरघळू लागतं, गरमपणानं आणखी नुकसान होतं, आणि उघडं पडलेलं एन्झाइम जठरात जाऊन संपतं. शिवाय तीन वर्षांचं पोर पूर्ण वाटी कधी संपवतं? वाटीत उरलेल्या चार घासांबरोबर डोसही उरतो. नेमका किती पोटात गेला, हे कोणालाच सांगता येत नाही.

तेव्हा असं करा. सफरचंद वाफवून, गाळून, थंड केलेला गर एक छोटा चमचा घ्या. त्यावर दाणे ओता आणि जेवणाच्या आधी लगेच भरवा. कालवून ठेवायचं नाही, सकाळी केलेलं दुपारी द्यायचं नाही. वर दोन घोट पाणी. दाणे चावू द्यायचे नाहीत आणि कुटायचे तर अजिबात नाहीत. मग तिच्या ओठाच्या आत आणि हिरड्यांच्या कडेला बोटानं पाहून घ्या. तिथे दाणा अडकून राहिला तर एन्झाइम तोंडाचं नाजूक कातडंच पचवू लागतं आणि तोंड येतं. मूल जेवायला टाळाटाळ करतं तेव्हा कधी कधी हेच कारण असतं. शीच्या जागी लाली येत असेल तर दर वेळी धुऊन झिंक ऑक्साइडचं मलम लावा.

कॅप्सूलचा उपयोग साधारण अर्धा-पाऊण तास असतो. पोर घास तोंडात धरून खेळत बसलं आणि जेवण तासभर चाललं तर शेवटच्या घासांना एन्झाइम उरत नाही. ज्या वेळी दोन कॅप्सूल असतील तेव्हा एक सुरुवातीला आणि एक मध्ये द्या. एकच असेल तर जेवण अर्ध्या तासात आटोपेल असं पाहा. "आधी जेवते का बघू, मग औषध देऊ" असं अनेक आया करतात. मूल जेवलंच नाही तर कॅप्सूल फुकट जाईल अशी भीती असते, आणि कॅप्सूल स्वस्त नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण जेवण झाल्यावर दिलेलं एन्झाइम अन्नाच्या मागे मागे पळतं, त्याला गाठत नाही. एखाद दिवशी कॅप्सूल देऊनही ती दोनच घास खाऊन उठली तर तिला काही अपाय होत नाही.

डबी गॅसजवळच्या फळीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. मराठवाड्यातल्या एप्रिल-मेमध्ये घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी खोली निवडा. झाकण घट्ट. पुढे अंगणवाडीत किंवा शाळेत जाऊ लागली की डब्याबरोबर कॅप्सूल कोण देणार, हे बाईंशी आधीच बोलून ठेवावं लागेल.

एवढं सगळं नीट केलं आणि तरी शी तेलकट राहिली, वजन वाढलं नाही, तर मग काय? इथे परिस्थितीनुसार उत्तरं बदलतात. स्वादुपिंड खरंच कमी पडतंय का, हे शीतल्या इलास्टेजच्या, म्हणजे स्वादुपिंडातल्याच एका एन्झाइमच्या, तपासणीवरून कळतं. शीच्या ग्रॅममागे 200 मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर कमतरता, 100 च्या खाली तर तीव्र कमतरता. ही तपासणी माणसाचंच इलास्टेज मोजते, त्यामुळे कॅप्सूल बंद करावी लागत नाही. फक्त जुलाब चालू असताना नमुना देऊ नका, पातळ शीमुळे आकडा खोटा कमी येतो. तुमच्या कागदपत्रांत ही तपासणी दिसली नाही, डॉक्टरांना विचारा. दुसरं कारण आम्लाचं. निरोगी स्वादुपिंड बायकार्बोनेट सोडून जठरातून आलेलं आम्ल मारतं. या मुलांत तेही कमी असतं, मग लहान आतड्याच्या सुरुवातीला आम्लता उतरत नाही आणि दाण्यांचं आवरण वेळेवर विरघळत नाही. अशा मुलांना डॉक्टर कधी कधी आम्ल कमी करणारं औषध जोडून देतात आणि त्याच डोसमध्ये फरक पडतो. तिसरं, आपल्याकडच्या पाण्यातून होणारा जिआर्डियाचा संसर्ग. त्यातही शी तेलकट होते. शिवाय गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सिलिॲक आजार, आतड्यात वाढलेले जंतू, यकृताचा त्रास. हे सगळं डॉक्टरांनी क्रमानं पाहायचं असतं. तुमच्या बाबतीत मला मुख्य संशय दुधाच्या पेल्यांवर आणि वरणात कालवलेल्या कॅप्सूलवर आहे. पण तो संशय आहे, निदान नाही.

आतापर्यंतचं थोडक्यात: तूप चालू. चरबीच्या प्रत्येक खाण्याला कॅप्सूल, दुधालाही. दाणे सफरचंदाच्या गरावर, जेवणाच्या आधी, न चावता. दिवसाला 1,00,000 युनिटची सीमा ओलांडायची नाही.

फरक कशावरून ओळखायचा? शी दोन-चार दिवसांत बदलायला लागते: वेळा कमी, तवंग नाही, भांडं पहिल्या पाण्यात साफ. पण मी शीपेक्षा वजनावर जास्त विश्वास ठेवते. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर, सकाळी, तेवढेच कपडे घालून वजन करा आणि वहीत लिहा. त्याच वहीत आठवड्यातले तीन दिवस काय खाल्लं, किती, आणि प्रत्येक वेळी किती कॅप्सूल, तेही लिहा. डॉक्टरांना डोस बसवायला याहून मोठी मदत नाही.

उलट बाजूही सांगते. कॅप्सूल वाढवल्यावर शी एकदम घट्ट झाली, दोन दिवस झालीच नाही, तर घरी एकदम कॅप्सूल कमी करू नका. आधी पाणी पुरेसं जातंय का पाहा आणि डॉक्टरांना कळवा. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखणं, तिथे गोळा हाताला लागणं, पोट फुगणं आणि हिरवी उलटी ही लक्षणं एकत्र दिसली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. या आजारात घट्ट चिकट मळ लहान आतड्याच्या शेवटी अडकून वाट बंद करू शकतो. शी करताना गुदमार्ग बाहेर येतो असं कधी दिसलं तर घाबरू नका, पण लपवूही नका. लहान वयात या मुलांना ते होतं, आणि शी सुधारली की बहुतेक वेळा थांबतं.

तुमच्या औषधांच्या यादीत एक पाचक सिरप आहे, औषधाच्या दुकानातून सुचवलेलं. त्यात डायस्टेस आणि पेप्सिन आहे. डायस्टेस स्टार्चसाठी, पेप्सिन प्रथिनांसाठी. चरबी फोडणारं लायपेज त्यात नाही. ते कॅप्सूलच्या जागी चालणार नाही आणि कॅप्सूलला मदतही करणार नाही. ते पैसे वाचवा. ओवा, हिंग, पपई घरात चालू राहू दे, खाणं म्हणून चांगलंच आहे. पण पपईतलं पपेन प्रथिनांवर काम करतं, तुपावर नाही.

जीवनसत्त्वांचं औषध सध्या सकाळी रिकाम्या पोटी देता असं लिहिलंय. ते दूध किंवा जेवण आणि कॅप्सूल यांच्या सोबत द्या, नाहीतर तेही शोषलं जाणार नाही.

आणि मीठ, ताई. तुम्ही विचारलं नाही, तरी लातूरचा उन्हाळा तोंडावर आहे म्हणून सांगते. 1948 मध्ये न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा या आजाराची मुलं इतरांपेक्षा जास्त संख्येनं कोसळून दवाखान्यात आली. त्यावरूनच पुढे 1953 मध्ये डॉ. पॉल दि सँट ॲग्नीज यांनी दाखवलं की त्यांच्या घामातून जास्त मीठ जातं. तुमच्या मुलीची घामाची तपासणी त्याच शोधातून आलेली आहे. आपल्याकडे काही तान्ही मुलं तर निदानाआधी पहिल्यांदा येतात तीच मीठ आणि पोटॅशियम उतरलेल्या अवस्थेत, निपचित. मुलांना खारट देऊ नका हा सल्ला इतर मुलांसाठी. तुमच्या मुलीला उन्हाळ्यात जास्तीचं मीठ किती द्यायचं हे डॉक्टरांकडून चमच्यात लिहून घ्या. ती मलूल झाली, ओकू लागली, खाणं टाकलं तर वाट पाहू नका.

आयुष्यभर लागणार का? बहुतेक हो. याची सवय लागत नाही, स्वादुपिंड आळशी होत नाही. ते जे करू शकत नाही तेवढंच बाहेरून दिलं जातं. आजाराच्या मुळाशी असलेल्या सीएफटीआर प्रथिनावर काम करणारी औषधं 2012 पासून आली आहेत, आणि अगदी लहान वयात सुरू केलेल्या काही मुलांत स्वादुपिंडाचं काम थोडं सुधारलेलंही दिसलं आहे. पण ती ठराविक जनुकीय बदलांवरच चालतात, आणि किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. मुलीची जनुकीय तपासणी झाली नसेल तर ती करून ठेवणं मात्र योग्य, म्हणजे पुढे संधी आली तर उत्तर हाताशी असेल.

राहिला शेवटचा प्रश्न, आणि तो विचारायला तुम्हाला किती जड गेलं असेल हे कळतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या घरात हे औषध येणं सोपं नाही. मी खोटं सांगणार नाही: सिस्टिक फायब्रोसिसमध्ये वापरली जाणारी प्रमाणित एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडापासूनच तयार होतात, आणि त्यांच्या तोडीचं वनस्पतिजन्य औषध आज दुकानात मिळत नाही. माळकरी, जैन, मुस्लिम, सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं माझ्यासमोर ही औषधं घेत वाढली आहेत. बहुतेक घरांनी हे औषध आहे, आहार नाही, असं ठरवून वाट काढली. काहींनी आपल्या फडावरच्या महाराजांना विचारलं, काहींनी मौलवींना, काहींनी कोणालाच नाही. घरातल्या मोठ्यांपासून हे लपवू नका, एवढंच माझं मागणं. लपवलेलं उघड झालं की रागाच्या भरात कॅप्सूल बंद होते आणि भोगतं ते मूल. आजींना समोर बसवून सांगा की हे दाणे नसतील तर तुमच्या हातचं तूप पोरीच्या अंगाला लागणारच नाही. ज्या आजी इतक्या मायेनं वरण-भात कालवतात, त्या सफरचंदाचा चमचाही तितक्याच मायेनं भरवतील.

पुण्याची भेट पुढच्या महिन्यात आहे म्हणता. दुधाच्या कॅप्सूलसाठी तोवर थांबू नका. उद्याच विभागात फोन करा आणि सांगा: वजन 10 किलो, सध्या दिवसाला तीन कॅप्सूल 10,000 च्या, रोज 400 मिली म्हशीचं दूध आणि एक लाडू कॅप्सूलशिवाय जातो, त्या तीन वेळांना एकेक वाढवली तर चालेल का, आणि इलास्टेज झालं आहे का. "हो" मिळालं की त्या रात्रीच्या दुधापासून सुरू करा.